टाकीवरून दिलेली दिशा

"पिंपळाच्या जरा डावीकडं," वॉकीटॉकीतून जयवंतचा आवाज आला. "मुजावरांच्या गिरणीच्या पत्र्यावर बरोबर. तुझी रेघ कुठनं जातीय, ताई?"

"माझीपण गिरणीवरनंच!" मी गच्चीवर उडी मारायचीच काय ती बाकी होती. "सापडला मेला एकदाचा!"

"सापडला म्हणजे सापडलाच. ओव्हर."

माझ्या हातात लाकडाची चौकट होती. तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली आणि खाली ट्रान्झिस्टर जोडलेला. चौकट हळूहळू फिरवत न्यायची. ज्या दिशेला रेडिओतली खरखर एकदम बसते, त्या दिशेनं एक रेघ ओढायची. खरखरीचं मूळ त्या रेघेवर कुठंतरी असतं, पण कुठं ते कळत नाही. म्हणून दुसऱ्यानं दुसऱ्या ठिकाणाहून तेच करायचं, आणि दोन रेघा जिथं छेदतील तिथं चोर. मी सोमवार पेठेतल्या माझ्या गच्चीवर होते, जयवंत नदीपलीकडं विद्यानगरच्या पाण्याच्या टाकीवर. या कामाचा एक नेम आहे. जोडीदारानं सांगितलेली दिशा परत तपासायची नाही. त्याच्या कानावर भरवसा नसेल तर त्याला बरोबर घ्यायचंच कशाला?

हे सगळं मोबाइल यायच्या आधीचं आहे. मी तेव्हा कराडला टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते, पाळी कायमची दुपारची, घरी यायला रात्र व्हायची. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते सोडा, त्याच्यावर गावानं पुरेसं बोलून झालंय. सकाळी मी हॅम असायचे. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, हौसेनं घरातून रेडिओवर बोलणारी माणसं. लोक आम्हाला वेडे म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

हे वेड मला आणि जयवंतला लावलं खडपे सरांनी. कॉलेजात ते आम्हाला फिजिक्स शिकवायचे. निवृत्त झाल्यावर राजापूरकडच्या आपल्या गावी जाऊन राहिले. गावात फोनचा पत्ता नव्हता, पण सरांच्या अंगणातल्या दोन माडांना तार बांधलेली होती, तेवढी त्यांना बास होती. रोज सकाळी सात वाजता चाळीस मीटरच्या पट्टीवर त्यांची हाक यायची, "सरोज, ऐकतेस का?" मग पंधरा-वीस मिनिटं आम्ही बोलायचो. त्यांच्या विहिरीला पाणी किती, माझ्या एक्स्चेंजात कोण कोणाशी भांडलं, काहीही. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. मला कुणी रोज हाक मारून विचारपूस करावी, असं सरांखेरीज कुणी नव्हतं.

त्या वर्षी सरांच्या घशात गाठ निघाली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दसऱ्यानंतर ऑपरेशन, आणि आवाजाची आशा सोडा. स्वतः सरांनीच मला रेडिओवर सांगितलं, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. मी त्या दिवशी कामावर तीन कॉल चुकीच्या नंबराला जोडले.

आणि नेमकं त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्या पट्टीवर खरखर सुरू झाली. भट्टीवर फुटाणे भाजतात तशी, सलग, सकाळभर. सरांचा आवाज आधीच बारीक झालेला, तो तिच्यात पार बुडून गेला. वाईट याचं की माझं बोलणं त्यांना स्वच्छ पोचत होतं, कारण खरखर माझ्या गावात होती, त्यांच्या नाही. तेव्हा मी रोज सातला बसायचे आणि बोलायचे, "सर, मला तुमचं काही ऐकू येत नाहीये. पण मी आहे. शोधतीय. जयवंत मदत करतोय. तुमचं ऑपरेशन व्हायच्या आत शोधून काढते." मग बटण सोडायचे आणि खरखर ऐकत बसायचे. एकदा सरांनी बोलणं सोडून मोर्समध्ये टकटक केली. खरखरीतून शब्द निसटत होते. शेवटी दोन लागले: धीर धर. मी पदर तोंडाला लावून रडले.

"संध्याकाळी प्रयत्न करू का रे? सुट्टीच्या दिवशी?" मी जयवंतला विचारलं होतं.

"संध्याकाळी सर सेटवर बसत नाहीत आता. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय. मी जाऊन आलो ना परवा, तेव्हा म्हणाले."

जयवंत माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सरांच्या प्रयोगशाळेत आम्ही एकाच टेबलावर तारा जोडायला शिकलो. तेव्हापासून तो मला ताई म्हणायचा, आणि एकही भाऊबीज त्यानं चुकवलेली नव्हती. त्यानं नुकताच धंदा काढला होता. काचेच्या बाटल्यांत केळीची रोपं वाढवायची आणि बागाईतदारांना विकायची. त्याची लॅब ओगलेवाडीला होती, म्हणजे त्यानं तसं सांगितलं होतं. मी त्याच्या घरी जाते म्हटलं की म्हणायचा, "नदी ओलांडून तू कशाला येतेस? मीच येतो की स्कूटरवर." मला वाटायचं, किती जीव लावतो पोरगा!

तर गिरणी. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ट्रान्झिस्टर घेऊन बाबालाल मुजावरांकडं गेले. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून ते म्हणाले, "या बाई. गहू का ज्वारी?"

"दळण नाहीये. तुमची मोटर माझा रेडिओ बिघडवतीय."

"माझी मोटर? अहो, तिला माझंच ऐकू येत नाही, तिनं तुमच्या रेडिओचं काय घोडं मारलंय?"

"बंद करून दाखवा बरं."

भला माणूस. रांगेतल्या बाया कुरकुरत असताना त्यांनी मोटरचा खटका बंद केला. गिरणी थांबली. ट्रान्झिस्टर कानाला लावला, तर खरखर तशीच.

"गेला का आवाज?"

"नाही."

"मग लावू का परत? का गावातल्या समद्याच गिरण्या बंद करायच्या?" मुजावर हसले, रांगेतल्या बायाही हसल्या. मी कानकोंडी होऊन बाहेर पडले.

आता कुणीही म्हणेल, ट्रान्झिस्टर घेऊन चालत सुटायचं आणि वाढेल तिकडं जायचं. तेही केलं मी. पण असली खरखर विजेच्या तारांवर चढते आणि गावभर हिंडते. जो खांब येईल त्याच्याखाली ट्रान्झिस्टर बोंबलायचा. म्हणून तर दोन रेघांचं काम करायचं असतं. संध्याकाळी नदीघाटावरची दिवेलागण बघत... छे, संध्याकाळी मी कामावर असायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत आला, त्याला सगळं सांगितलं.

"तुझी चौकट वाकलीय वाटतं," तो म्हणाला. "तार सैल झाली की दिशा चुकते."

मी चौकट सोडवली, पुन्हा गुंडाळली. पुन्हा तो टाकीवर, मी गच्चीवर. या खेपेला त्याची रेघ घाटाच्या वरच्या अंगाला गेली, तिथं एक लाकडाची वखार होती. वखारीतही काही नव्हतं. मग बर्फाचा कारखाना. माझी रेघ दरवेळी तीच निघायची, नदीकडं जाणारी आणि नदी ओलांडून पुढं. पण दुसरी रेघ जिथं छेदते तिथं थांबायचं असतं, त्यापुढं बघायचं नसतं. मी माझ्या चौकटीवर शंका घेतली, माझ्या कानांवर घेतली, वयानं कान गेले का म्हणून डॉक्टरलाही दाखवून आले. जयवंतवर शंका घ्यावी असं मनाला शिवलंही नाही. "तो पुण्यातनं फेराइटच्या रिंगा आणतोय माझ्यासाठी," असं मी सरांना रेडिओवर अभिमानानं सांगत होते. रिंगा म्हणजे काळ्या, दगडासारख्या कड्या. गोंगाट करणाऱ्या यंत्राची तार त्यांच्यात चार-पाच वेळा ओवली की खरखर तिथंच अडते. चोर सापडला की लगेच बसवायला हव्यात म्हणून त्यानं आणून दिलेल्या पिशवीभर रिंगा मी घरात ठेवल्या होत्या.

गणपती उठले, पितृपक्ष लागला. एका सुट्टीच्या दिवशी घरी केलेले अनारसे घेऊन मी जयवंतच्या घरी निघाले, न सांगताच. त्या दिवसांत ट्रान्झिस्टर माझ्या पिशवीत चालूच असायचा. पूल ओलांडला. विद्यानगरच्या वळणावर पिशवी खरखरायला लागली. जयवंतच्या फाटकापाशी ती इतकी ओरडायला लागली की समोरच्या कट्ट्यावरचं कुत्रं उठून गेलं.

जयवंतच्या बायकोनं, सुनंदानं, दार उघडलं. "अय्या, ताई! या की! हे मार्केट यार्डात गेलेत, येतीलच. काय वाजतंय तुमच्या पिशवीत?"

"सुनंदा, मागं काय आहे गं तुमच्या?"

"मागं? रोपांची शेड. तुम्ही बघितली नाही? कमाल आहे! उन्हाळ्यापासून चाललंय की. चप्पल काढा, आत लई स्वच्छ ठेवावं लागतं."

तिच्या डोळ्यांत काही म्हणजे काही नव्हतं. बिचारीला काही ठाऊकच नव्हतं. तिनं पत्र्याच्या शेडचं दार लोटलं आणि पांढऱ्याफटक उजेडानं माझे डोळे दिपले. छतापर्यंत मांडण्या, मांडण्यांवर बाटल्या, बाटल्यांत बोटभर हिरवी रोपं, आणि प्रत्येक फळीला ट्यूबलाइटांची रांग. प्रत्येक ट्यूबला स्वस्तातला, प्लॅस्टिकच्या डबीतला इलेक्ट्रॉनिक चोक. शेकड्यांनी चोक, आणि त्यांच्या तारा मोकळ्या सोडलेल्या. वाळवणाच्या दोऱ्या बांधाव्यात तशा या टोकापासून त्या टोकापर्यंत. या तारा म्हणजे खरखर गावभर फेकणारे एरियलच होते. सरांच्या पहिल्या वर्गातल्या पोरालाही हे कळलं असतं. मी ट्रान्झिस्टर बंद केला, कारण आता तो ऐकवत नव्हता.

मागं स्कूटर थांबली. जयवंत दारात आला, मला बघितलं, आणि हातातली पिशवी त्यानं खाली ठेवली.

"सुनंदा, चहा टाक."

"नको चहा," मी म्हटलं. "टाकीवर उभा राहून तुला काय दिसत होतं रे, जयवंता? तुझ्याच घराचा पत्रा दिसत होता ना?"

त्यानं जवळची एक बाटली सरळ करून ठेवली.

"मुजावरांची गिरणी बंद पाडली मी. बायांच्या रांगेत हसं करून घेतलं. कान तपासून आले! आणि तू मला सांगतोस, चौकट वाकलीय?"

"ताई, ऐक. पहिलीच ऑर्डर आहे. घर गहाण आहे. दिवे बंद ठेवले तर रोपं पिवळी पडतात. मला वाटलं, एक-दोन आठवड्यांत आपोआप—"

"सकाळचा एक तास, जयवंता! सात ते आठ. एक तासानं तुझी केळी मेली असती?"

"सातला पोरी येतात कामाला. अंधारात बाटल्या फुटतात. आणि एकदा खोटं सांगितलं, मग परत कसं..." त्याचा आवाज फाटला. "मी रोज ठरवायचो, आज सांगतो."

"रिंगा आणून दिल्यास मला. तुझ्याच हातानं."

"वाटलं, तू कंटाळून सोडून देशील."

हे ऐकल्यावर मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. सुनंदा दारात कपबशा घेऊन उभी होती आणि तिला काही कळत नव्हतं, म्हणून.

"सरांना सांगू नकोस, ताई," तो म्हणाला. "एवढं एक कर. त्यांच्या नजरेतनं मी उतरलो तर... शेवटचे दिवस आहेत त्यांचे बोलायचे. तुझ्या पाया पडतो."

आणि मी, काय सांगू, कबूल केलं! सरांना यातना नकोत म्हणून कबूल केलं. त्यांच्या दोन लेकरांतलं एक असं निघालं, हे त्यांना कळून काय भलं होणार होतं? मी घरी जाऊन रिंगांची पिशवी घेऊन आले आणि रजा टाकली. दोन दिवस आम्ही दोघं त्या शेडमध्ये राबलो. प्रत्येक मांडणीची जोडतार पीळ देऊन आखूड केली, रिंगांतून ओवली. जास्त बोंबलणारे चोक काढून त्या जागी जुने तांब्याचे, वजनदार चोक घातले. मेन स्विचपाशी लोखंडी पेटीत फिल्टर बसवला आणि पेटीला अर्थिंग दिलं. जयवंत पक्कड मागायचा, मी द्यायचे. याखेरीज आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रान्झिस्टर शेडच्या भिंतीला लावला, आणि त्यातून आकाशवाणीवर कुणीतरी बाई उसाच्या खोडकिडीवर बोलत होती, अगदी स्वच्छ. दिवे सगळे चालू. रोप एकही पिवळं पडलं नव्हतं. एवढंच होतं ते काम.

त्या दिवशी घरी येताना मी सरांसाठी खोटं तयार केलं. म्हणायचं, वखारीमागच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड होता. जयवंतनंच शोधला म्हणायचं. त्याचंही नाव राहील.

सकाळी सातला सेट लावला. पट्टी मोकळी होती. इतक्या दिवसांनी कानात काही नाही, ही गोष्टच मला सोसेना. मग घोगरा, थांबत थांबत येणारा आवाज आला.

"सरोज, ऐकतेस का?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बटण दाबलं. "ऐकतीय, सर. ऐकतीय! ओव्हर."

"वा, वा! म्हणजे जयवंतनं शेवटी त्या दिव्यांचा बंदोबस्त केला म्हणायचा. ओव्हर."

मी बटण दाबलं. मग विचारलं, "कुठल्या दिव्यांचा, सर?"

"अगं, शेडमधल्या. त्यानं मला आषाढातच सांगितलं. संध्याकाळी दिवे बंद असतात त्याचे, व्होल्टेज नसतं ना, तेव्हा रोज गाठ पडते आमची. फार घाबरला होता बिचारा. नवा धंदा, डोक्यावर कर्ज. मीच म्हटलं, राहू दे तूर्त, पहिली खेप बाहेर पडू दे. सरोज काय, थांबेल. समजूतदार आहे ती." त्यांना खोकला आला. "ओव्हर."

रोज संध्याकाळी. मी एक्स्चेंजात दुसऱ्यांचे कॉल जोडत असताना, रोज.

"आणि गिरणी, सर? मी गिरणीवर गेले ते मी तुम्हाला सांगितलं होतं. वखारीवर गेले ते सांगितलं होतं. तुम्ही ऐकत होता सगळं?"

"ते गिरणीचं मला नाही आवडलं, मी बोललो त्याला. पण तू इतक्या हुरुपानं सांगायचीस गं. म्हटलं, शोधण्यात पोरीचा वेळ बरा जातोय." ते हसले. मायेनं हसले, तेच तर. त्यांना खरंच वाटत होतं की मीही हसेन.

जयवंतनं फसवलं तेव्हा राग आला होता. आता राग आला नाही. ज्या माणसाचा आवाज ऐकायला मी गाव पालथं घातलं, तो माणूस रोज सकाळी माझं हिंडणं ऐकत होता, आणि त्याच्या लेखी मी थांबू शकणारी होते. दोघांनी मिळून माझ्या वाट्याची सकाळ वापरून घेतली होती. मला विचारायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

आमच्यात बोलणं संपवताना समोरच्याचा आवाज कसा येतोय ते खरं खरं सांगायची रीत आहे. पाच-नऊ म्हणजे सगळ्यात उत्तम. मी बटण दाबलं.

"सर, तुमचा शब्द न् शब्द पोचला. पाच-नऊ. नमस्कार." आणि सेट बंद केला.

त्यानंतर मी तो लावला नाही. दसरा झाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसहालाच जयवंत दारात उभा. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

"ताई, रोज सातला हाक मारतायत तुला. रोज. आज शेवटचं बोलणार ते, उद्यापासून आवाज नाही. माझ्यावर काढ राग, पण आज तेवढा सेट लाव. वाट बघतायत गं."

"बघू देत की," मी म्हटलं. "थांबतील. समजूतदार आहेत ते."

आणि दार लावून घेतलं.